प्लस सतरा

धम्मदीप तायडेचा आकड्यांवर जेवढा विश्वास होता तेवढा सख्ख्या मामावरही नव्हता, आणि त्याच आकड्यांनी त्याला ऐन वेळी तोंडघशी पाडलं होतं. रविवारी सकाळी अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या क्रूझरमध्ये तो मागच्या सीटवर कोंबून बसला होता. मांडीवर लॅपटॉपची बॅग होती, आणि बॅगेत त्याच्या बहिणीचं वर्ष वाया घालवणारा एक आकडा होता: मायनस नऊ.

गाडीत बारा पोरी, त्यांचे खुशालराव सर, ड्रायव्हर आणि हा. एवढी माणसं क्रूझरमध्ये मावत नाहीत, पण बडनेरा ओलांडेपर्यंत सगळी आपोआप मावतात. पोरी गाणी म्हणत होत्या. धम्मदीप खिडकीची काच वर-खाली करत होता.

“दादा, तू कावून असा चेहरा करून बसला?” पुढच्या सीटवरून प्रियदर्शनीनं मागं वळून विचारलं. “मॅच तुले खेळाची आहे का मले?”

“काही नाही,” तो म्हणाला, आणि काच पुन्हा वर केली.

गोष्ट गेल्या वर्षीची. प्रियदर्शनी त्याची धाकटी बहीण, वलगाव रोडवरच्या नवप्रभात मंडळाकडून बास्केटबॉल खेळायची. विभागाच्या संघात ती निवडली गेली नाही, कारण निवड समितीनं कोण किती गुण करतं एवढंच पाहिलं, आणि ती एका मॅचला जेमतेम चार-पाच गुण करायची. बाकीचा वेळ ती काय करायची ते कोणाच्या कागदावर येतच नव्हतं. समोरच्या उंच पोरीला अडवून धरायचं, दुसरीला शॉट मारायला जागा करून द्यायची, चेंडू गेला की सगळ्यांच्या आधी मागं पळत यायचं, याचे गुण मिळत नाहीत. धम्मदीप विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होता. शिकलेल्या सूत्रांचा जगात कुठंतरी उपयोग व्हावा अशी त्याला फार घाई होती. एका बक्षीस समारंभात त्यानं निवड समितीच्या रागिणी मॅडमना चारचौघांत ऐकवलं, “पॉइंट मोजून खेळाडू कळत नाही मॅडम.”

रागिणी मॅडम एकेकाळी राज्याच्या संघातून खेळलेल्या. असल्या पोरांची त्यांना सवय होती. “मग कशानं कळतो?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“प्लस-मायनसनं. खेळाडू मैदानात असताना आपल्या टीमनं किती केले, समोरच्यानं किती केले, त्याची वजाबाकी करायची. ज्याच्या असण्यानं टीम पुढं जाते तो चांगला.”

“ठीक आहे. पूर्ण सीझनचा हिशेब करून आण. पुढच्या वेळी मी तोही बघेन.”

झालं, पठ्ठ्या कामाला लागला. यंदाच्या प्रत्येक मॅचला तो गुणलेखकाच्या टेबलाशेजारी लॅपटॉप उघडून बसला. बहिणीचा आकडा भरभक्कम येणार याची एवढी खात्री, की बेरीज त्यानं शेवटपर्यंत केली नाही. काल केली. मोठ्या पोरींमध्ये सगळ्यात खाली त्याचीच बहीण होती. सगळ्यात वर पौर्णिमा, मंडळाची हुकमी खेळाडू, जी विभागाच्या संघात आधीच निवडली गेली होती. संघात आता एकच जागा उरली होती. तिच्यासाठी प्रियदर्शनी आणि अकोल्याची एक उंच पोरगी अशा दोघी होत्या, आणि आज संध्याकाळी यादी बंद होणार होती. पुढच्या वर्षी प्रियदर्शनीचं वय बसणार नव्हतं. विभागाकडून राज्य स्पर्धेत खेळली की भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी खटपट करता येते, हे त्यांच्या आईनं, जाईबाईनं, कुठूनतरी ऐकलं होतं आणि अख्ख्या वलगावला सांगून ठेवलं होतं.

फाइल न्यावी तर बहीण जाते, न न्यावी तर मॅडमपुढं शोभा होते. त्याला रात्रभर झोप नव्हती.

मूर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबली. सगळ्या उतरल्या, चहा झाला, परत चढायला लागल्या. खुशालराव सर दाराशी उभे राहून एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होते. आठवीतली कस्तुरी पहिल्यांदाच बाहेरगावी मॅचला आली होती. सरांनी तिच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

“घाबरून राहिली काय?”

“मले खेळवणार नाही ना सर तुमी? मी नुसती बसन.”

“नुसतं बसाले डिझेल जाळलं काय मी? गाडीत बसली ते मैदानात उतरली. आपला नियम आहे.”

हा नियम अमरावतीच्या मैदानांवर सगळ्यांना पाठ होता, आणि त्यावरून सरांची टिंगलही होत असे. कधीकाळी पातूरची एक पोरगी त्यांच्या संघाबरोबर गावोगाव फिरली आणि एकदाही मैदानात न उतरता घरी गेली. बापानं काय खेळली म्हणून विचारलं तर तिनं खोटंच काहीतरी रंगवून सांगितलं. सरांना ते पुढं कळलं आणि फार लागलं. तेव्हापासून प्रत्येक मॅचच्या चौथ्या क्वार्टरला, संघ जिंकत असो की हरत असो, सर लहान पोरींना उतरवायचे. घड्याळात चार मिनिटं उरेपर्यंत त्याच खेळायच्या. मग मोठ्या परत यायच्या आणि उरलंसुरलं वाचवायच्या. त्या लहान पोरींबरोबर एक मोठी मात्र ठेवलेली असायची, दर वेळी तीच.

धम्मदीपच्या हातातला कागदी कप तसाच राहिला. ती मोठी म्हणजे प्रियदर्शनी.

त्यानं गाडीतच लॅपटॉप उघडला. धक्के बसत होते, शेजारच्या पोरीचं कोपर बरगडीत जात होतं, पण त्याची बोटं थांबेनात. पहिले तीन क्वार्टर वेगळे काढले तर बहीण पौर्णिमेच्याही वर जात होती. चौथ्या क्वार्टरला चार लेकरं घेऊन ती उभी राहायची, समोर मोठ्या पोरी, आणि दर मॅचला नऊ-दहा गुण तिच्या खात्यातून जायचे. तीन क्वार्टर कमावलेलं सगळं सहा मिनिटांत साफ. आणि हे त्याच्या डोळ्यांदेखत घडत होतं. इतकं रोजचं होतं की त्याला ते दिसलंच नव्हतं. त्याला आनंदही झाला आणि स्वतःच्या मूर्खपणाची चीडही आली.

अकोल्याच्या मैदानावर रागिणी मॅडम जठारपेठेतून स्कूटीवर आल्या, त्या हेल्मेट काढत असतानाच त्यानं त्यांना गाठलं. पूर्ण फाइल दाखवली, मग चौथा क्वार्टर वगळून केलेली दाखवली. मॅडमनी दोन्ही नीट पाहिल्या.

“म्हणजे वाईट भाग काढून टाकला की बहीण चांगली.”

“तसं नाही मॅडम. त्या वेळेस तिच्यासोबत लहान पोट्ट्या असतात.”

“असतील. पण हे कोण सांगतंय? तिचा भाऊ. उद्या दुसरीचा भाऊ येईल, तो पहिला क्वार्टर काढून आणेल. कोण म्हणेल आमची आजारी होती, कोण म्हणेल पंच वाईट होता. मी काय काय काढत बसू?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच त्याला जास्त झोंबलं. “आज सेमीफायनल आहे, मी पूर्ण बघणार आहे. संपली की आजचा आकडा मला दे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काही न वगळता.”

त्या म्हणाल्या ते बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणून त्याचा जळफळाट झाला. काही न वगळता म्हणजे आजही शेवटी लेकरं उतरणार, आजही दहा गुण पाण्यात. तो मैदानाभोवती दोन फेऱ्या मारून आला. मग पाण्याच्या टाकीमागं त्यानं बहिणीला बोलावलं.

“तिसरा क्वार्टर झाला की तू बस. पायात गोळा आला म्हण.”

प्रियदर्शनी बुटाची नाडी बांधत होती. तिनं वर पाहिलं. “गोळा आला नाही तं?”

“आला नाही तरी म्हण. आजच्या दिवस.”

“अन् लहान्या पोट्ट्याईसंग कोण जाईन?”

“पौर्णिमा जाईन. इतके पॉइंट करते ती, सहा मिनिटं नाही सांभाळणार काय?”

“पौर्णिमाले त्याईच्याकडं पाह्याची सवय नाही, दादा. कस्तुरी तं आज पयल्यांदा आली.”

“तू कस्तुरीचं काय घेऊन बसली? तिले अजून सहा वर्षं आहेत. तुले आजचा दिवस आहे. हे गेलं तं गेलं, मंग आईले तूच सांग.”

आईचं नाव काढायला नको होतं, हे त्याला बोलता बोलताच कळलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि खरं सांगायचं तर तो उपयोगी पडावा असंच त्याला वाटत होतं. प्रियदर्शनीनं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, गाठ दोनदा ओढली आणि निघून गेली.

मॅच सुरू झाली आणि नवप्रभातच्या पोरींनी अकोल्याला हलूच दिलं नाही. पौर्णिमा एकामागून एक बास्केट करत होती आणि लोक तिच्या नावानं ओरडत होते. धम्मदीपचं लक्ष बहिणीवर होतं. ती अकोल्याच्या त्या उंच पोरीच्या पाठीला चिकटून राहत होती, आणि तोंडानं एकसारखी बोलत होती. “पौर्णिमा, डावीकडून. मागं कोणी नाही, मागं या. मी आहे, मी आहे.” हे तो वर्षभर ऐकत होता, पण आज मॅडमच्या कानांनी ऐकल्यासारखं ऐकलं. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा बावन्न विरुद्ध पस्तीस. प्रियदर्शनी एक मिनिटही बाहेर बसली नव्हती. प्लस सतरा. तिच्या खात्यात एवढा मोठा आकडा कधीच आला नव्हता.

ती बाकावर आली, बसली आणि पोटरी धरली.

“काय झालं?” खुशालराव सरांनी विचारलं.

“गोळा आला सर.”

“खरंच?”

तिनं बुटाकडं पाहत मान हलवली. सर खाली वाकले, पोटरी दाबून पाहिली, पाणी प्यायला दिलं. मग त्यांनी पौर्णिमेला बोलावलं आणि चार लहान पोरी तिच्या हवाली केल्या.

पुढची सहा मिनिटं धम्मदीप पुढं कधी विसरला नाही. लेकरांच्या हाती चेंडू आला की त्या तो पौर्णिमेकडं फेकत आणि उभ्या राहत. पौर्णिमा एकटी घुसून शॉट मारी. तीन वेळा बास्केट झाला, लोक ओरडले. चुकला की मागं कोणीच नसे, आणि अकोल्याच्या पोरी चालत जाऊन गुण करून येत. पौर्णिमा लेकरांवर चिडत नव्हती, पण बोलतही नव्हती. ती आपल्या सवयीनं, जीव तोडून खेळत होती. मैदान सुनंसुनं वाटत होतं. काय कमी आहे ते धम्मदीपला उशिरा कळलं: तो एकसारखा बोलणारा आवाज नव्हता. कस्तुरी तर कुठं उभं राहायचं तेच न कळून मध्यावर घुटमळत होती. चेंडू तिच्या हातून एकदा निसटला, मग पुन्हा, आणि दर वेळी ती बाकाकडं, प्रियदर्शनीकडं बघे.

सतराचे अकरा झाले, अकराचे सात. प्रियदर्शनी उठून उभी राहिली.

“सर, मले पाठवा. पाय झाला बरा.”

“बस.”

“सर, खरंच झाला.”

“आत्ता गोळा आला अन् आत्ता बरा झाला? बस तिथं. असल्या पायानं खेळाले गेली तं शीर तुटन, मंग जन्मभर बसशीन. मॅच काय, दुसरी येईन.”

ती उभीच राहिली. मग तिनं मैदानापलीकडं, टेबलाशेजारी बसलेल्या भावाकडं पाहिलं. काय करायचं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. उठायचं, सरांकडं जायचं आणि सांगायचं की पायाला काही झालेलं नाही, मीच बोलायला लावलं. फार फार तर चार वाक्यं. धम्मदीपनं डोळ्याच्या कोपऱ्यातून रागिणी मॅडमकडं पाहिलं. त्या एकटक मैदानाकडं बघत होत्या. लॅपटॉपवर बहिणीच्या नावापुढं सतरा होते, आणि ती बाहेर बसली होती तोवर त्या आकड्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. त्यानं नजर खाली वळवली आणि नोंद करत राहिला.

चार मिनिटं उरली तेव्हा आघाडी दोनवर आली होती. प्रियदर्शनी सोडून मोठ्या पोरी परत उतरल्या, पण तोवर अकोल्याला सूर सापडला होता आणि पौर्णिमेच्या पायांत त्राण नव्हतं. एका गुणानं नवप्रभात हरलं. अकोलेकरांनी मैदान डोक्यावर घेतलं. कस्तुरी टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली.

धम्मदीप लॅपटॉप घेऊन मॅडमकडं गेला.

“राहू दे, उघडू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “तुझ्या सकाळच्या फाइलमध्ये ती सोबत असताना लहान मुलींचे दहा जातात. आज ती नव्हती तर पंधरा गेले, तेही पौर्णिमा असताना. जिच्यामुळं लहान मुली उभ्या राहतात अशी खेळाडू मला हवीच आहे. बरं झालं ती आज बसली, नाहीतर मला कधी दिसलं नसतं. नाव लिहिलंय मी. पायाची काळजी घ्यायला सांग, पुढच्या आठवड्यात सराव आहे.”

वर्षभर त्याला हेच ऐकायचं होतं. छाती आनंदानं भरून आली, कोणाला तरी लगेच सांगावंसं वाटलं, म्हणून त्यानं वळून पाहिलं. पोरी खाली मान घालून बाटल्या गोळा करत होत्या. पौर्णिमा बुटाच्या नाड्या सोडत होती. सर एकेकीच्या पाठीवर हात ठेवत होते. त्यांच्यात जाऊन ही बातमी सांगायची त्याला लाज वाटली. त्यानं फक्त बहिणीच्या कानात सांगितलं. ती “बरं” म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाणी नव्हती. ऊन कलत होतं, दोन्ही बाजूंना कपाशीची काळी रानं मागं पळत होती. कस्तुरी आपली जागा सोडून प्रियदर्शनीच्या पायाशी, गाडीच्या फळीवर येऊन बसली. सरांच्या पेटीतली मलमाची ट्यूब तिनं मागून आणली होती. तिनं मलम घेतलं आणि प्रियदर्शनीची पोटरी चोळायला लागली.

“दुखते काय ताई?”

प्रियदर्शनीनं पाय आखडून घ्यायला पाहिलं, पण कस्तुरीनं सोडला नाही.

“बॉल माह्याच हातून सुटला ताई. दोन्ही बार. तू असती तं मले सांगितलं असतं कुठं राह्यचं.” ती रडत रडत चोळत राहिली. “माह्याच्यानं हरलो आपण.”

धम्मदीपला तिथून उठून कुठंतरी जावंसं वाटलं, पण क्रूझरमध्ये उठून जायला जागा नसते. प्रियदर्शनी मागं वळली.

“आज किती आला दादा माहा आकडा?”

“प्लस सतरा.”

“कोनाचा याच्याहून जास्त आहे?”

“आजच्या मॅचमध्ये कोणाचाच नाही.”

“अन् आपण हरलो,” ती म्हणाली. तिनं कस्तुरीचा हात धरून थांबवला, ट्यूब काढून घेतली, टोपण लावलं. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सर, पायाले काही झालं नव्हतं. मी मुद्दाम बसली होती. मॅडमले आकडा चांगला दिसावा म्हणून.”

पौर्णिमेनं खिडकीकडं तोंड फिरवलं. कस्तुरी मलमाचे हात तसेच धरून बसली, ते कुठं पुसावे हे तिला कळत नव्हतं. पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसलेल्या खुशालराव सरांनी मान वळवली नाही.

“गाडीत बसली होती ना तू?” त्यांनी विचारलं.

“हो सर.”

“मंग उतराले पाहिजे होतं.”

“मॅडमले फोन करून नाव काढाले सांगू काय?”

“नाव कावून काढतं? जागा तुहीच आहे. दर वेळेस लेकरं तुह्याच जवळ का देत होतो मी? दुसरी कोणी होती काय माह्याजवळ?” सर पुढच्या रस्त्याकडं बघतच बोलत होते. “जा, खेळ तिथं. पण कस्तुरीचं रडणं आधी थांबव. ते तुह्यामुळं आहे.”

प्रियदर्शनीनं कस्तुरीला वर ओढलं आणि आपल्या सीटच्या अर्ध्या जागेवर बसवलं. ती आता स्वतःच रडत होती. धम्मदीपला राहवलं नाही. दुपारी जे बोलायला हवं होतं ते आत्ता तोंडातून बाहेर पडलं.

“सर, तिची चूक नाही. मीच सांगतलं होतं तिले. ती नाही म्हणत होती.”

आता मात्र सर पूर्ण मागं वळले. त्यांनी धम्मदीपकडं पाहिलं, त्याच्या मांडीवरच्या बॅगेकडं पाहिलं, आणि पुन्हा त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“तू बी गाडीत बसला होता, धम्मदीप,” ते म्हणाले, आणि पुढं तोंड करून बसले.